बूमरँग, बासरी आणि मान्सून: गिल्बर्ट वॉकर यांची गोष्ट

नसरापूरच्या चेलाडी फाट्यावर उभं राहून फोनमधलं कुठलंही हवामान ॲप उघडा. पुढच्या सात दिवसांची पट्टी समोर येते. ढगाचं चित्र, त्याखाली थेंब, त्याखाली टक्के. आता तिथून वेल्ह्याच्या रस्त्याला लागा आणि तोरण्याच्या पायथ्याशी पोचल्यावर परत तेच ॲप बघा. आकडा बऱ्याचदा जवळपास तोच असतो. बाहेरचा पाऊस मात्र तोच नसतो. फाट्यावर भुरभुर चालू असते आणि वेल्ह्यात छत्री उलटी होत असते.

याचं कारण डोळ्यांसमोर उभं आहे: सह्याद्री. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा घाटाला धडकते, वर चढते, वर गेल्यावर थंड होते आणि तिच्यातली वाफ थेंब होऊन खाली येते. डोंगर ओलांडून ती पूर्वेला उतरायला लागली की परत तापते आणि कोरडी होत जाते. म्हणून वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, भिजून चिंब होतो, नसरापूरला मधलं माप मिळतं आणि पूर्वेला आणखी पुढं गेलं की लोक आभाळाकडं बघत बसतात. ॲपमागचं कॉम्प्युटर मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून गणित करतं. चौकोन १२ किलोमीटरचा असेल, तर त्यात खिंडही येते, नदीही येते आणि बनेश्वरचं देऊळही येतं, आणि या सगळ्यांना मिळून एकच आकडा मिळतो.

हे झालं आठवड्याच्या अंदाजाचं. पण नसरापूर परिसरातला भात उत्पादक शेतकरी दोन वेगवेगळे अंदाज ऐकत असतो. एक आठवड्याचा: धूळवाफेवर पेरलंय, रोपं वर येतील का, चिखलणीला पाणी साचेल का, लावणीला माणसं कधी सांगायची. दुसरा पूर्ण हंगामाचा, जो एप्रिल-मे मध्ये टीव्हीवर येतो: यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस. त्याच बातमीत अल निनो हा शब्द हमखास असतो. हा दुसरा अंदाज ज्या विचारावर उभा आहे, तो विचार मांडणारा माणूस हवामानशास्त्रज्ञ नव्हताच मुळी. तो होता गणिताचा प्राध्यापक, आणि त्याला बूमरँग फेकायची भारी हौस होती.

आणखी एक गंमत. हा माणूस तुमच्या फोनमध्ये दोन ठिकाणी आहे. एक हवामान ॲपमध्ये. दुसरी जागा शेवटाकडे सांगतो.

बूमरँगवाला वॉकर

गिल्बर्ट थॉमस वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ चा, इंग्लंडमधल्या लँकेशर परगण्यातल्या रॉचडेल गावचा. वडील इंजिनिअर. शाळेत असल्यापासून या मुलाला फिरणाऱ्या वस्तूंचं वेड होतं: भोवरे, जायरोस्कोप, जे काही गरगर फिरेल ते. पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणित घेतलं आणि १८८९ च्या अंतिम परीक्षेत पूर्ण विद्यापीठात पहिले आले. त्या काळी या पहिल्या नंबराला सीनिअर रँग्लर म्हणत. रँग्लर हा शब्द मराठी घरांना नवा नाही. रँग्लर परांजपे याच परीक्षेत दहा वर्षांनी, १८९९ ला, पहिल्या क्रमांकावर आले होते.

परीक्षेच्या ताणानं वॉकर यांची तब्येत बिघडली आणि त्यांना काही हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. तिथं ते आइस स्केटिंग शिकले. परत येऊन ट्रिनिटीत शिकवायला लागले आणि कॉलेजमागच्या हिरवळीवर बूमरँग फेकायला लागले. फेकलेलं लाकूड परत का येतं याचं गणित त्यांनी नीट मांडून छापलं, आणि मित्रांनी त्यांचं नावच बूमरँग वॉकर पाडलं. एका बाजूला फिरवला की छान फिरतो आणि दुसऱ्या बाजूला फिरवला की थांबून, हलून, उलटा फिरायला लागतो, अशा विचित्र दगडी भोवऱ्यावरही त्यांनी निबंध लिहिला. बासरीतल्या आवाजाचं गणित हा त्यांचा आणखी एक छंद. पाश्चात्त्य फ्लूटची रचना सुधारण्यात त्यांनी बरीच वर्षं घालवली.

आता सांगा, अशा माणसाला भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख कोण करेल?

दुष्काळानं सुरू झालेलं खातं

भारताचं हवामान खातं १८७५ मध्ये स्थापन झालं. दुसऱ्याच वर्षी, १८७६ ला, दख्खनवर दुष्काळ कोसळला आणि १८७८ पर्यंत चालला. पुणे, सोलापूर, सातारा, तिथून खाली म्हैसूर-मद्रासपर्यंत लाखो माणसं मेली. सरकारनं खात्याला विचारलं, की पाऊस दगा देणार हे आधी कळू शकतं का? खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना एक धागा सापडला होता: हिमालयात वसंतात बर्फ जास्त पडलं की पुढचा मान्सून कमजोर जातो. त्यावरून १८८६ च्या जूनमध्ये पहिला रीतसर हंगामी अंदाज निघाला. जगातला अशा तऱ्हेचा पहिल्या काही अंदाजांपैकी हा एक.

ब्लॅनफर्ड यांच्यानंतर जॉन एलियट आले. त्यांचे अंदाज लांबलचक असत, त्यात तपशील भरपूर असे, आणि सगळी भिस्त अनुभवी नजरेवर. मग १८९९ उजाडलं. पाऊस गेला. अंदाजानं याची कल्पना दिली नव्हती. छप्पनचा दुष्काळ म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी जो येतो तो हाच. वर्तमानपत्रांनी खात्याला झोडपलं, आणि पुढची काही वर्षं सरकारनं हा अंदाज जाहीर न करता स्वतःपुरताच ठेवला. म्हणजे सिस्टीम चुकली म्हणून ती दुरुस्त करण्याऐवजी आऊटपुटच बंद.

एलियट यांनी मात्र एक शहाणपणाची गोष्ट केली. आपल्यानंतर हवामानातला माणूस शोधायच्या ऐवजी त्यांनी तगडा गणिती शोधला. वॉकर यांना हवामानाचा अनुभव शून्य होता. भारतात यायच्या आधी त्यांनी युरोप-अमेरिकेतल्या वेधशाळा हिंडून बघितल्या, आणि १९०४ मध्ये पस्तिशीतले वॉकर येऊन खुर्चीत बसले. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलोही झाले.

समीकरण नाही तर नाही, आकडे तर आहेत

वॉकर यांच्यासमोरची अडचण अशी होती. भौतिकशास्त्राचे नियम घ्यायचे, हवेला लावायचे आणि चार महिन्यांचा पाऊस काढायचा, हे त्या काळात अशक्यच होतं. हवा किती गुंतागुंतीची आहे हे गणिती असल्यामुळे त्यांना इतरांपेक्षा लवकर कळलं. मग त्यांनी दुसरा रस्ता पकडला. कारण कळत नसेल तर नको कळू दे, आधी नातं तर शोधू. जगभरच्या जुन्या नोंदी घ्यायच्या: कुठला वायुदाब, कुठलं तापमान, कुठला पाऊस. आणि बघायचं की यातलं काय भारताच्या पावसाच्या आधी, ठरल्यासारखं वर-खाली होतं.

आज आपण याला डेटा सायन्स म्हणतो आणि लॅपटॉपवर दोन ओळीत उरकतो. वॉकर यांच्याकडे लॅपटॉप नव्हता, कारकून होते. चाळीस वर्षांच्या दोन नोंदींमधला सहसंबंध काढायचा, तर प्रत्येक वर्षाचा सरासरीपासूनचा फरक काढा, पहिल्या नोंदीचे चाळीस वर्ग, दुसरीचे चाळीस वर्ग, दोघांचे मिळून चाळीस गुणाकार. एका जोडीला १२० गुणाकार, तेही हातानं, वर बेरजा वेगळ्या. वीस ठिकाणं घेतली तर जोड्या होतात १९०. आता यात ऋतू मिसळा: डिसेंबरचा इथला दाब आणि जूनचा तिथला पाऊस. काम हजारांच्या घरात जातं. शिमल्याच्या कार्यालयात भारतीय कर्मचारी वर्षानुवर्षं हेच करत होते. कॉम्प्युटर हा शब्द तेव्हा माणसासाठी वापरायचे, यंत्रासाठी नाही. या माणसांची नावं आज शोधनिबंधांच्या तळटिपांपलीकडे फारशी कुणाला माहीत नाहीत, आणि मला हे खटकतं.

मशीन लर्निंग शिकणाऱ्यांनी पुढची गोष्ट नीट वाचावी. तुम्ही शंभर निरर्थक नोंदी घेतल्या, म्हणजे अगदी फाशे टाकून बनवलेल्या, आणि प्रत्येकीची पावसाशी तुलना केली, तर त्यातल्या चार-पाच नोंदी निव्वळ योगायोगानं पावसाशी छान जुळतात. ज्याला नातं सापडायला हवंच आहे, तो त्या चार-पाच उचलतो आणि बाकीच्या विसरतो. वॉकर यांनी १९१४ मध्येच यावर निबंध लिहून सांगितलं, की तुम्ही किती जोड्या तपासल्या हे हिशेबात धरल्याशिवाय सर्वांत चांगल्या जोडीवर भरवसा ठेवू नका. जितक्या जास्त जोड्या बघाल, तितकी कसोटी कडक करा. आजही मोठमोठ्या कंपन्यांचे डॅशबोर्ड हे विसरतात.

याच कसोटीवर त्यांनी तेव्हाचा एक आवडता समज घासला: सूर्यावरच्या डागांमुळे पाऊस कमी-जास्त होतो हा समज. आकड्यांत फारसं काही टिकलं नाही. अंदाज द्यायला वापरता येईल इतकं तर नाहीच.

जे टिकलं ते त्यांनी सूत्रात घातलं. हिमालयातलं मे अखेरचं बर्फ, दक्षिण अमेरिकेतला वसंतातला वायुदाब, मॉरिशसचा दाब, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या झांझिबारचा एप्रिल-मे चा पाऊस. प्रत्येकाला एक वजन, सगळ्यांची बेरीज, आणि उत्तर म्हणजे भारताचा पाऊस सरासरीपेक्षा कमी की जास्त. तीन खंडांतली माहिती एका ओळीत. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की आख्ख्या भारताला एकच आकडा देणं मूर्खपणाचं आहे, आणि त्यांनी द्वीपकल्प, वायव्य आणि ईशान्य असे वेगवेगळे भाग पाडले. नसरापूर आणि वेल्हे यांना एकच आकडा दाखवणारं ॲप बघितलं, की शंभर वर्षं जुना हाच प्रश्न आठवतो. फक्त चौकोन लहान झालाय.

मद्रासमधला एक कारकून

मध्येच एक आडवाट. फेब्रुवारी १९१३ मध्ये वॉकर कामानिमित्त मद्रासला गेले होते. तिथल्या पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष फ्रान्सिस स्प्रिंग यांनी त्यांना आपल्या कार्यालयातल्या एका कारकुनाच्या वह्या दाखवल्या. कारकुनाचं नाव श्रीनिवास रामानुजन. वॉकर यांनी वह्या चाळल्या आणि हे काम केंब्रिजच्या कॉलेजातल्या फेलोच्या तोडीचं आहे हे त्यांना कळलं. हे गणित आपल्या विषयाचं नाही हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी लगेच मद्रास विद्यापीठाला पत्र लिहिलं, की या माणसाला पोटाची चिंता न करता काही वर्षं नुसतं गणित करू द्या. विद्यापीठानं पदवी नसलेल्या रामानुजन यांना महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. केंब्रिजच्या हार्डी यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. हवामान खात्याच्या या प्रमुखाचं या गोष्टीतलं नाव बहुतेक वेळा राहून जातं.

समुद्रावरचा सी-सॉ

पहिलं महायुद्ध आलं, खात्यातले अधिकारी युद्धाकडे गेले, काम रखडलं. त्यात १९१८ ला पाऊस पुन्हा मोठ्या प्रमाणात गेला, आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीनं देशभर घरं रिकामी केली. वॉकर यांनी आग्र्याला फुगे सोडून वरच्या हवेचे वेध घ्यायचं काम उभं करून दिलं होतं, तेही चालूच होतं. पण त्यांचं खरं मोठं काम बाहेर आलं ते भारतातल्या शेवटच्या काही वर्षांत, १९२३-२४ च्या सुमारास.

हजारो सहसंबंधांच्या तक्त्यांकडे बघताना त्यांना एक नक्षी दिसली. पॅसिफिक महासागराच्या पूर्व बाजूला दाब वाढला, की हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूला तो कमी होतो. तिकडे कमी झाला, की इकडे वाढतो. बागेतल्या सी-सॉ सारखं, फक्त फळी हजारो किलोमीटर लांब, आणि एक हेलकावा पूर्ण व्हायला काही वर्षं लागतात. याला त्यांनी नाव दिलं सदर्न ऑसिलेशन, म्हणजे दक्षिणेकडचं दोलन. अटलांटिकच्या उत्तरेला आणि पॅसिफिकच्या उत्तरेला अशीच आणखी दोन छोटी दोलनं त्यांनी दाखवली. भारताचा मान्सून ही स्वतंत्र घटना नसून या मोठ्या फळीच्या एका टोकाला बसलेली गोष्ट आहे, हे पहिल्यांदा आकड्यांनी दिसलं.

ते का होतं? वॉकर यांना माहीत नव्हतं, आणि त्यांनी माहीत असल्याचा आव आणला नाही. नेमकं याच कारणानं अनेक शास्त्रज्ञांनी हे काम बाजूला सारलं. पेरूचा दाब आणि पुण्याचा पाऊस यांचा संबंध काय? यंत्रणा सांगता येत नाही तर हे नुसते आकड्यांचे खेळ, असा सूर होता. टीका अगदी चुकीची होती असं नाही, कारण असे खेळ करणारे पुष्कळ होते. वॉकर यांचं वेगळेपण एवढंच, की आपले आकडे योगायोगाचे नाहीत हे त्यांनी आधीच तपासून घेतलं होतं.

शब्दांबाबतही ते काटेकोर होते. उद्याच्या हवामानाला जो शब्द वापरतात तोच शब्द चार महिन्यांच्या पावसाला वापरू नये असं त्यांचं म्हणणं होतं. हंगामी अंदाजाला त्यांनी वेगळा शब्द सुचवला, ज्याचा मराठीत अर्थ होईल पूर्वछाया. सावली दिसते, माणूस दिसत नाही, इतपतच खात्री. आणि संकेत पुसट असतील त्या वर्षी अंदाज देऊच नये. तुमच्या ॲपमधला ४० टक्के हा आकडाही असाच वाचायचा असतो. त्याचा अर्थ दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस पडेल असा नाही, आणि गावाच्या ४० टक्के भागात पडेल असाही नाही. हवा आज आहे तशी असलेले दहा दिवस घेतले तर त्यातल्या साधारण चार दिवशी पाऊस येतो, इतकंच ते सांगतं. दहातल्या सहा दिवशी येत नाही, तेव्हा ॲप खोटं बोलत नसतं.

शिमला ऑफिस आणि नंतर

१९२४ मध्ये वॉकर निवृत्त झाले, सर झाले आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हवामानशास्त्राचे प्राध्यापक म्हणून गेले. चार वर्षांनी, १९२८ मध्ये, खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरला जिथं सिग्नलला आपण अडकतो, त्या चौकाला शिमला ऑफिस चौक का म्हणतात, याचं उत्तर हे. वॉकर स्वतः त्या इमारतीत कधी प्रमुख म्हणून बसले नाहीत, पण त्यांचे तक्ते आणि त्यांची पद्धत तिथं आली. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला हललं, पण मोसमी पावसाच्या हंगामी अंदाजाचं काम पुण्यातच रुजलं आणि अजून तिथंच आहे.

वॉकर यांच्या सूत्रांचं पुढं काय झालं? चांगलं नाही झालं. ज्या नात्यांवर ती उभी होती, त्यातली बरीच नाती पुढच्या दशकांत सैल पडली. हे मॉडेल बनवणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबात येतं: जुन्या डेटावर झकास, नव्या डेटावर गडबड. पुढे खात्याचे प्रमुख झालेले चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ मध्ये हताशपणे कबूल केलं, की भारतीय मान्सूनवरून जगाच्या पुढच्या हवामानाचा अंदाज येतो, पण खुद्द मान्सूनचा अंदाज कशावरून येत नाही.

वॉकर ४ नोव्हेंबर १९५८ ला वारले, वयाच्या नव्वदाव्या वर्षी. योगायोग बघा: १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होतं. जगभरची जहाजं आणि वेधशाळा एकाच वेळी मोजमापं घेत होती, आणि नेमका त्याच वेळी पॅसिफिकमध्ये जोरदार अल निनो आला होता. म्हणजे ज्या माहितीनं वॉकर यांचं कोडं सुटणार होतं, ती माहिती त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत गोळा होत होती.

कोडं सोडवलं जेकब ब्येर्कनेस यांनी, १९६९ मध्ये. गोष्ट साधारण अशी आहे. विषुववृत्ताजवळ पॅसिफिकवर वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि वरचं ऊबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलतात. तिथं ऊबदार पाण्यावरची हवा वर चढते, ढग होतात, दाब कमी राहतो. ती हवा वरच्या वर पूर्वेला जाते आणि पेरूजवळच्या गार पाण्यावर खाली उतरते. तिथं दाब जास्त, आभाळ कोरडं. हे झालं एक मोठं चक्र. काही वर्षांनी एकदा हे वारे मंदावतात, ऊबदार पाणी पूर्वेकडे सरकतं, ढगांची जागाही पूर्वेकडे सरकते. पेरूच्या मच्छीमारांना हे नाताळच्या सुमारास जाणवायचं म्हणून त्यांनी त्याला अल निनो, बाळ येशू, म्हटलं. चक्र सरकलं की आपल्या बाजूला हवा वर चढण्याऐवजी खाली उतरायला लागते, आणि खाली उतरणारी हवा ढगांना डोकं वर काढू देत नाही. समुद्राचं तापमान आणि वॉकर यांचा दाबाचा सी-सॉ ही एकाच घटनेची दोन अंगं निघाली. ब्येर्कनेस यांनी त्या चक्राला वॉकर अभिसरण असं नाव दिलं.

त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. तो अल निनोचाच होता, आणि महाराष्ट्रातल्या आजी-आजोबांच्या पिढीला तो वेगळा सांगावा लागत नाही. १९८८ पासून डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेलं १६ घटकांचं मॉडेल खात्यानं वापरलं. हिमालयातलं बर्फ, अल निनो, ठिकठिकाणचे दाब, सगळं त्यात होतं, म्हणजे वंश थेट वॉकर यांचा. बरीच वर्षं ते चाललं. २००२ ला मात्र अंदाज होता सामान्य पावसाचा, आणि जुलैमध्ये सरासरीच्या निम्म्यावर पाऊस आला. उलट बाजूनं, १९९७ चा अल निनो शतकातला सर्वांत जबर अल निनोंपैकी एक होता, आणि त्या वर्षी आपला मान्सून व्यवस्थित झाला. हिंदी महासागर स्वतःचंही काहीतरी म्हणत असतो. म्हणून बातमीत अल निनो आला की पाऊस गेलाच असं धरून बियाणं परत करायला जाऊ नका. २०२३ ला अल निनोत ऑगस्ट महिना १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, पण हंगामाचा एकूण पाऊस ९४ टक्क्यांवर थांबला.

आज पुण्यातच, पाषाणला, आयआयटीएम संस्थेत महासंगणक बसले आहेत. वॉकर यांना अशक्य वाटलेलं काम, म्हणजे भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी हवा पुढे चालवणं, ते करतात. दर गुरुवारी हवामान खातं पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढतं, आणि २०२५ मध्ये आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टीममध्ये चौकोन ६ किलोमीटरवर आला.  ॲप विदेशी कंपनीचं असेल तर ते बहुधा वेगळंच मॉडेल वापरतं, म्हणून लावणीच्या आठवड्यात हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशाराही बघत जा.

फोनमधली दुसरी जागा

लंडनला गेल्यावर वॉकर यांच्या डोक्यात डार्विनचा दाब घोळत होता. डार्विन म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचं बंदर, सी-सॉचं एक टोक. तिथला दाब ठरावीक काळानं वर-खाली होतो का, की आजचा आकडा फक्त कालच्या-परवाच्या आकड्यांचा थोडा वारसा घेऊन पुढे जातो? उडनी यूल यांनी १९२७ मध्ये सूर्याच्या डागांसाठी असाच विचार मांडला होता. वॉकर यांनी १९३१ मध्ये तो वाढवला आणि डार्विनच्या दाबाला लावला. मागच्या काही आकड्यांवरून पुढचा आकडा सांगायचा तर प्रत्येक मागच्या आकड्याला किती वजन द्यायचं, हे काढायच्या या समीकरणांना आज यूल-वॉकर समीकरणं म्हणतात.

आता तुम्ही फोन उचलता आणि घरी कॉल लावता. साध्या कॉलमध्ये तुमच्या आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात. ते सगळे जसेच्या तसे पाठवणं नेटवर्कला परवडत नाही. म्हणून फोन आवाजाचे २० मिलीसेकंदांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात विचारतो: मागच्या आठ-दहा नमुन्यांवरून पुढचा नमुना सांगायचा तर कुणाला किती वजन द्यायचं? ती वजनं आणि उरलेला फरक एवढंच तो पाठवतो. पलीकडचा फोन त्यावरून तुमचा आवाज परत बांधतो. जुन्या जीएसएम पासून आजच्या व्होल्टीई पर्यंत आवाजाच्या कोडेकचा हा गाभा आहे, आणि वजनं काढायला जी समीकरणं सोडवली जातात त्यांचा साचा यूल-वॉकर यांचाच. चेलाडी फाट्यावरून कुणी गावात फोन करून पाऊस आला का विचारतं, तेव्हा डार्विन बंदराच्या दाबासाठी मांडलेलं हे गणित त्या फोनमध्ये सेकंदाला पन्नास वेळा सुटत असतं.